गिऱ्हाइकाची गिटार

आमच्या घरमालकांनी चिंध्या भरून कापडाची गिटार शिवली, त्या दिवशी त्यांची भाड्याची खोली सोडावी असं माझ्या मनात पहिल्यांदा आलं. मी शाळेतून येत होते. त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत आरशासमोर, गिऱ्हाईक कोट घालून उभं राहतं त्या जागी, ते, म्हणजे चाचा, गळ्यात एक गुबगुबीत करड्या कापडाची गिटार अडकवून उभे होते. कधी डावीकडं वळत, कधी उजवीकडं. मधेच वाकून जमिनीवरचं काहीतरी उचलल्यासारखं करत आणि वाकताना गिटार कशाला धडकते का ते बघत. जमिनीवर काहीही पडलेलं नव्हतं. त्यांनी मला आरशातूनच पाहिलं आणि जराही न लाजता म्हणाले, "मॅडम, वळताना मागं टेबलाला लागती का बघा जरा."

"नाही लागत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

खरी गिटार त्या वेळी आतल्या खोलीत पलंगावर निजलेली होती. ती तिच्या पेटीत, पेटीवर चाचांनी शिवलेली गवसणी, आणि त्या गवसणीला धूळ लागू नये म्हणून वरून दुसरी गवसणी. चाची खाली चटईवर बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत लसणाकडं बघितलं.

मी गणिताची बाई. उदाहरण सुटलं नाही की मला जेवण जात नाही. भूमला नोकरीला होते तेवढा काळ चाचांचं उदाहरण सोडवत राहिले. आता नोकरी बदलून माझ्या गावी, तुळजापूरला परत आले आहे, तरी ते तसंच पडून आहे. लिहून काढताना एखादी पायरी सापडली तर बघावं म्हणून हे लिहायला घेतलं.

चाचा शिंपी होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मी वरच्या खोलीत भाड्यानं आले तेव्हा चाचींनी आपलं आणि त्यांचं माझ्याशी नातं ठरवून दिलं, म्हणून मी चाचा-चाची म्हणायला लागले. एसटी स्टँडकडून बाजाराच्या मैदानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान, दुकानामागं त्यांचं घर आणि त्यांच्या डोक्यावर मी. दुकानाच्या पाटीवर 'जेंट्स स्पेशालिस्ट' असं होतं आणि त्याखाली, उगीच कुणी विचारायला येऊ नये म्हणून, 'ब्लाउज शिवून मिळणार नाही'. पहिल्या दिवशी माझ्याकडं, म्हणजे माझ्या खांद्यांकडं, बघून ते म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा खांदा उतरलाय. पिशवी दुसऱ्या हाताला घेत जावा." माझं नाव विचारायला त्यांना महिना लागला.

माणसाचा चेहरा त्यांच्या ध्यानात राहत नसे. राहायचं ते माप. रस्त्यानं कुणी "सलाम मास्तर" म्हणून गेलं की ते मान हलवायचे आणि मग मला विचारायचे, "कोन हुतं? ते आखूड पायाचं का?" गावातले एक म्हातारे हेडमास्तर वारले, तेव्हा चाचा मातीला जाऊन आले आणि दुकानाच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "त्यांच्या बाहीचा मुंढा लई अवघड हुता. आत्ता कुठं बसाया लागला हुता." त्यांचं दुःख ते एवढंच बोलले, आणि ते खरं होतं. त्या दिवशी त्यांनी मशीन चालवलं नाही.

तयार कपड्यांच्या दुकानांचा त्यांना राग नव्हता, कीव होती. "रेडिमेड मानसाला बसत न्हाय मॅडम, मानूस रेडिमेडला बसवून घ्यावा लागतो," असं म्हणायचे. स्वतः मात्र वर्षानुवर्षं तोच विटलेला शर्ट घालायचे, ज्याच्या खिशाची शिवण उसवलेली होती. ती शिवायला त्यांना वेळ मिळत नव्हता, कारण गिऱ्हाइकांचं काम पुढं असायचं.

आणि त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कपडा स्वतःच्या अंगाला लावायचा नाही. बघायला म्हणूनसुद्धा नाही. एकदा एका खवा-भट्टीवाल्यांच्या मुलाच्या लग्नाचा कोट शिवून झाला होता. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला रजा मिळेना. त्याचे मामा दुकानात येऊन म्हणाले, "मास्तर, तुमची अंगलट त्याच्यासारखीच हाय. एकदा घालून दावा, म्हंजी कळंल तरी." चाचा म्हणाले, "नवरदेव येऊ द्या." मामांनी विनवलं, रागावले, शेवटी चहा मागवला. चाचांनी चहा घेतला आणि कोट परत हँगरला लावला. नवरदेव आला तो लग्नाच्या सकाळी. बाह्या बोटभर लांब निघाल्या. मंडपात लोक अक्षता हातात धरून ताटकळलेले, गुरुजी घड्याळ बघतायत आणि स्टेजच्या मागं चाचा दातात दोरा धरून बाही दुमडतायत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

त्या दिवशी घरी येताना मी म्हणाले, "चाचा, तुम्ही दोन मिनिटं घातला असता तर हे सगळं टळलं असतं. कपडा काय बाटतो का?"

"कपडा न्हाय बाटत," ते म्हणाले. "आपुन बाटतो. आरशात बघितलं की वाटाया लागतं, हे आपल्याला बरं दिसतंय."

आता गिटारीचं सांगते. तरुणपणी चाचा बार्शीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नात, जत्रेत, गणपतीत. ऑर्केस्ट्रा बंद पडला, पांगापांग झाली आणि एक जुनी गिटार त्यांच्याकडं राहिली. तिच्या पोटाला तडा गेलेला, त्यावर कॉलरमध्ये घालतात ते बक्रम डिंकानं चिकटवलेलं. तार पिळायची एक खुंटी तुटलेली, ती पकडीनं पिळावी लागे. तारा छेडायला ते कॉलर ताठ राहायला घालतात ती प्लास्टिकची पट्टी वापरायचे. ह्या गिटारीला ते डबा म्हणत. रोज संध्याकाळी शटर ओढलं की कापड कापायच्या टेबलाच्या कडेला बसून दोन-तीन जुनी सिनेमातली गाणी वाजवायचे. मी वर वह्या तपासत असायचे. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो आवाज खालून यायला लागला की वह्या भराभर संपायच्या.

रस्त्यानं जाणारे थांबायचे. थांबणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की पाठ झालं: "डब्यावर येवढं वाजवतुया मास्तर, चांगली असती हातात तर कुठल्या कुठं गेला असता." चाचा ते वाक्य कानावर पडेपर्यंत थांबत, मग पुढचं गाणं सुरू करत.

त्यांची मुलगी नसीम हेच वाक्य ऐकत मोठी झाली. एकुलती एक. लहानपणी बाप वाजवत असताना ती टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची. पुढं नर्स झाली, पुण्याच्या एका दवाखान्यात लागली. आणि एका उन्हाळ्यात ती घरी आली तीच मांडीवर ती पेटी घेऊन. कंडक्टरनं पेटी डिकीत टाका म्हणून सांगितलं तर तिनं ऐकलं नाही, सगळा रस्ता पाय अवघडून आली. चांगली गिटार, दुकानदारानं काढून दाखवताना हातमोजे घातले होते म्हणे. स्वतःच्या अंगावर दोन वर्षं धड नवा कपडा न घेता तिनं ती आणली होती. बापाच्या हातात चांगली असती तर काय झालं असतं, ते तिला एकदा ऐकायचं होतं. एवढीच तिची इच्छा होती आणि ती तिनं आल्या आल्या सांगून टाकली.

चाचांनी साबणानं हात धुतले, कोरडे केले, परत धुतले. पेटी उघडली. एखाद्या भारी सुटाचं कापड बघावं तसं दोन बोटांनी तिच्या कडेवरून हात फिरवला. उलटी करून मागची बाजू पाहिली. भोकातून आत वाकून बघितलं, आणि आतलं काम बघून मान हलवली.

"वाजवा ना अब्बा," नसीम म्हणाली.

"आज नको. परवासातून आलीया. बसू दे तिला जरा."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, रस्त्यावर धूळ लई उडत होती. तिसऱ्या दिवशी हवा कोरडी होती. नसीमची रजा संपली. मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले होते. ती खिडकीशी बसून म्हणाली, "ईदला येते मॅडम. तेव्हा ऐकीन. तोवर त्यांचा हात बसलेला असेल." मलाही तसंच वाटलं होतं.

हात बसायचं राहिलं बाजूला, त्या घरात निराळंच सुरू झालं. पहिल्यांदा चाचांचा कमरेचा पट्टा गेला, कारण बक्कल लागून गिटारीच्या पाठीवर ओरखडा आला असता. मग अंगठी गेली. मग शर्टाच्या गुंड्यांवर संशय आला, म्हणून त्यांनी बिनगुंड्यांचा एक कुर्ता शिवला, ज्याचे बंद काखेखाली बांधायचे. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि गिटार काही बाहेर काढली नाही. दुकानदारानं नसीमला सांगितलं होतं की लाकूड फार वाळू द्यायचं नाही. भूमचा उन्हाळा, इथं माणसाचे ओठ फुटतात. चाचांनी कूलर उचलून गिटारीच्या खोलीत नेला. दोन दिवसांनी त्यांना वाटलं, ओल लागंल. मग कूलरचं तोंड भिंतीकडं फिरवलं. भिंतीला गार वारा लागत राहिला आणि आम्ही बाहेर पदरानं वारा घेत बसलो. चाची म्हणाल्या, "नसीमला गोवर आला तवा बी यांनी कूलर हलवला न्हवता."

मग ती कापडाची गिटार आली. खरीचं माप टेपनं घेतलेलं, हुबेहूब बेतलेली, पोटात चिंध्या, मानेत बांबूची काठी. गळ्यात अडकवायचा पट्टासुद्धा त्यांनी स्वतः जाड कॅनव्हासचा शिवला, आतून मऊ अस्तर लावून. ती घालून ते दुकानात वावरायचे. ती घालून चहा प्यायचे. गिऱ्हाइकं आधी हसली, मग सवय झाली, मग चौकशी करायची थांबली. मला वाटलं, आता हा माणूस पोहायला शिकणाऱ्यासारखा काठावरून हळूहळू आत उतरतो आहे. माझा अंदाज साफ चुकला.

सगळ्यात वाईट म्हणजे डबाही बंद झाला. घरात चांगली असताना डबा वाजवायचा म्हणजे चांगलीचा अपमान, आणि चांगली तर वाजवायची नाही. डबा खिळ्याला टांगला गेला. संध्याकाळी शटर ओढल्यावर खाली सामसूम असायची. माझ्या वह्या संपेनात. रस्त्यानं जाणारे थांबेनात. मला ते घर आवडत होतं, आणि आता तिथं संध्याकाळी करमेनासं झालं.

नसीमचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, वाजवतात का. चाची म्हणायच्या, "हौ, रोज." एकदा तिनं फोनवरून ऐकवा म्हणून हट्ट धरला, तर चाचींनी सांगितलं की ते धाग्याची रिळं आणायला धाराशिवला गेलेत. चाचा तेव्हा समोर बसून काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही. फोन ठेवल्यावर चाची मला म्हणाल्या, "ईद आली की पोरगी येती. मंग काय सांगू? ती म्हनंल, म्या आनलेलं अब्बाला आवडलं न्हाय. तिला किती लागंल ते." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना ठाम सांगितलं की ईदच्या आत मी हे सोडवते.

मी विचारायला सुरुवात केली. पण चाचांचं उत्तर रोज निराळं. एकदा म्हणाले, लाकूड फुटंल. एकदा म्हणाले, सुईनं माझी बोटं खरबरीत झाल्यात, तारांना लागतील. एकदा म्हणाले, तिचा आवाज लई दूर जाईल, शेजारी बाळंतीण आहे. मी चौकशी केली, बाळंतीण माहेरी गेली होती. एकदा तर म्हणाले, "फुडच्या मानसाचा जिन्नस हाय मॅडम. सांभाळून ठेवाया पायजे."

"कोण पुढचा माणूस? गिटार तुमची आहे. नसीमनं तुम्हाला दिली."

"दिली की."

"मग?"

"दिली म्हंजी आपल्या दुकानात आली," ते म्हणाले आणि कातरकामाला लागले. मी पायऱ्या चढताना ह्याचा अर्थ लावत होते, वर पोहोचले तरी लागला नाही.

शेवटी मी मुद्द्याला मुद्दा लावून बसले. "चाचा, समजा ओरखडा आला. काय होईल?"

त्यांनी खरंच विचार केला. "काय न्हाय."

"समजा खाली पडली, फुटली. नसीम रागावेल?"

"न्हाय वो. माझी पोर हाय ती."

"मग भीती कशाची?"

चाचांनी सुई थांबवली आणि माझ्याकडं, पहिल्यांदाच खांद्याकडं नाही, चेहऱ्याकडं बघितलं. "तेच की मॅडम. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, तुम्हीच सांगा. काय हुनार न्हाय, तरी भ्या वाटतंय. म्या रोज इचार करतुया, कशाचं असंल." ते थट्टा करत नव्हते. उत्तर माझ्याकडं असेल अशी त्यांना आशा होती, आणि मी ते त्यांच्याकडून काढायला आले होते.

तोवर एकदाच मी त्यांना खरी गिटार गळ्यात घातलेलं पाहिलं. बिनगुंड्यांचा कुर्ता, अनवाणी. चाची बाजारात गेल्या होत्या, मी मीठ मागायला खाली आले. माप देताना गिऱ्हाईक उभं राहतं तसे ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून आरशासमोर उभे होते. तारांना बोटही लावलेलं नव्हतं. कुर्ता घामानं ओला झाला होता. मला बघून ते म्हणाले, "बरी दिसती, न्हाय?" आणि हे म्हणताना इतके घाबरले की मी त्यांना हात देऊन ती गळ्यातून काढायला लावली. मीठ न घेताच वर गेले.

ईदच्या आधी दुकानात तोबा गर्दी. मशीन दिवसभर चालू. त्या गर्दीत एका दुपारी चाचा सगळी कामं बाजूला सारून गिटारीचा तो कॅनव्हासचा पट्टा उसवत बसलेले दिसले. उसवला, कापला, परत शिवला. ईदच्या गर्दीत गिऱ्हाइकाचं काम थांबवून स्वतःचं काहीतरी शिवणारे चाचा मी कधी बघितले नव्हते. मी चाचींना खुणेनं सांगितलं, जमलं बहुतेक. चाचींनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि शेवया भाजायला घेतल्या.

ईदच्या दिवशी दुपारी मी शीरखुर्मा खायला खाली गेले. नसीम आदल्या दिवशी आली होती. घरात ती तिघं दखनीत बोलायची, मी मराठीत सांगते. चाचा नमाज पढून आले, बिनगुंड्यांचा कुर्ता घातला, पेटी टेबलावर ठेवली. दोन्ही गवसण्या काढल्या, घड्या घातल्या. गिटार बाहेर काढली. नसीम वाटी खाली ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. आणि चाचांनी ती गिटार उचलून नसीमच्या गळ्यात घातली.

पट्टा तिच्या मापाचा होता. अगदी बरोबर. मुलीचं माप त्यांनी टेप न लावता डोळ्यांनीच घेतलं असणार. "हात वर कर," ते म्हणाले. तिनं गोंधळून हात वर केला. "वाक जरा. आता वळ." ते दोन पावलं मागं सरले, डोळे बारीक करून खांदा बघितला. "बरोबर बसली. काढ आता, पेटीत घालून देतो. घेऊन जा."

"अब्बा, मला वाजवता येत नाही."

"शीक."

"ही मी तुमच्यासाठी आणली."

"माझ्या अंगाची न्हाय ही बेटी. म्या बघितलं घालून."

नसीमचा चेहरा उतरला. ती गिटार तशीच गळ्यात घेऊन उभी होती. चाची भिंतीला टेकल्या. मला वाटलं, आपण उठून वर जावं, पण दार नसीमच्या मागं होतं.

"मी तुमची गिऱ्हाईक आहे का?" नसीम म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "तुम्ही माझं माप घेतलंत, मला ट्रायल दिलीत. मी काय कपडा टाकून गेले होते?"

चाचांनी पट्ट्याची शिवण चाचपली. "गिऱ्हाईक बरं असतं," ते म्हणाले. "चुकलं तर उसवून देता येतं."

"काय चुकणार आहे?"

ते टेबलाच्या कडेवर बसले. नंतर जे बोलले ते तिच्याकडं न बघता बोलले. "डब्यावर वाजवलं की लोक म्हनायचे, डबा असून येवढं वाजवतो, चांगली असती तर काय झालं असतं. म्या सगळी उमर त्यावर काढली. तू बी तेच ऐकत ऱ्हायलीस. आता ही गळ्यात घातली, आन् तेवढंच वाजलं तर? मंग डबा कोन? म्याच की."

मला वाटलं, सुटलं. महिनोन्‌महिने जे शोधत होते ते उत्तर हेच, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पण सुटल्यावर करायचं काय, हे मला माहीत नव्हतं. चाचांची मात्र त्या क्षणी इतकी दया आली की मी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली.

नसीमनं गिटार काढली आणि बापाच्या गळ्यात घातली. पट्टा तिच्या मापाचा, त्यामुळं गिटार पार छातीवर, हनुवटीखाली जाऊन बसली. तिनं शिलाईच्या खोक्यातून कॉलरची एक पट्टी शोधून त्यांच्या बोटांत दिली आणि समोर खाली बसली.

चाचांनी वाजवलं. नेहमीचं पहिलं गाणं. डब्यावर जे भुरकट ऐकू यायचं ते आता स्वच्छ, एकेक तार वेगळी. मला गाण्यातलं कळत नाही, तरी एवढं कळलं की हात तेच होते, वाजणंही तेवढंच होतं. आणि मधे एका जागी, सूर वर चढायचा तिथं, ते अडखळले. क्षणभर थांबून मग पुढं गेले. शेवटपर्यंत वाजवलं आणि मान खाली घातली.

"बघितलं?" ते म्हणाले. "मधी चुकलं. रोज चुकत असनार. डब्याच्या खडखडाटात कळत न्हवतं."

"कुठं चुकलं?" नसीमनं विचारलं.

"चढताना. थांबलो न्हवं का."

"ते तसंच आहे. तिथं थांबायचं असतं." ती अगदी साधेपणानं बोलत होती. "मी टेबलाखाली त्या थांब्याची वाट बघायचे. तो झाला की झोप लागायची. दवाखान्यात एकदा कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं लागलं होतं, त्यात कुणी थांबलंच नाही. मला वाटलं, त्या वाजवणाऱ्यांचंच चुकलंय."

चाचा चाचींना म्हणाले, "न्हाय, तिथं थांबा न्हाय. तिला म्हाईत न्हाय."

"हाय की," चाची म्हणाल्या. "कायम असतो."

चाचा माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. बरोबर कसंय?"

मी काय सांगणार? ते गाणं मी वरच्या खोलीत जमिनीतून ऐकलं होतं, तेही त्यांच्याच हातचं. माझा मोबाइल माझ्या हातात होता, दोन बोटं फिरवली असती तर अस्सल गाणं ऐकायला मिळालं असतं. मी फिरवली नाहीत, आणि तिघांपैकी कुणी मला फिरवा म्हणालं नाही. नसीम खरं बोलत होती की बापाला सांभाळून घेत होती, तेही मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. अजून येत नाही.

"थांबा, बरोबर दावतो," चाचा म्हणाले. त्यांनी गिटार छातीवर सावरली. आता त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं की ते चुकतात, आणि त्या नादात घाबरायचं राहून गेलं. पहिल्यापासून सुरुवात केली. ती अवघड जागा आली. बोटं सरळ, न अडखळता, न थांबता वर चढून गेली.

"चुकलं," मायलेकी एकदम म्हणाल्या.

आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.